वस्तीला पत्ता कोण देतं?

नदीला पूर आला, काठावरच्या घरांत पाणी शिरलं, की टीव्हीवर ती दृश्यं पाहणाऱ्याच्या तोंडून एक प्रश्न हमखास येतो. दर वर्षी हे होतं, तरी ही माणसं तिथेच का राहतात? आणि त्यालाच जोडून दुसरा : सरकार त्यांना दुसरीकडे का हलवत नाही? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ‘ही माणसं’ असं मोघम धरलं तर उत्तर हाती लागत नाही. त्यासाठी एखादी ठरावीक वस्ती घ्यावी लागते. तिची नदी कुठून येते, जमीन कोणाची, कारभार कोण बघतं, अडीअडचणीला पैसा कुठून उभा राहतो, हे नीट पाहावं लागतं.

या प्रकरणासाठी मी इंडोनेशियातली एक छोटी वस्ती निवडली आहे. जावा बेटावर योग्यकार्ता हे शहर आहे, त्याच नावाच्या विशेष प्रांताची राजधानी. शहराच्या मधून चोडे नावाची नदी वाहते. (रोमन लिपीतल्या नकाशावर हे नाव ‘कोड’ असं वाचलं जाण्याची शक्यता आहे, म्हणून उच्चार सांगून ठेवतो.) शहराच्या तुगू नावाच्या जुन्या स्तंभापासून पूर्वेला चालत निघालं की थोड्याच वेळात गोंडोलायूचा पूल लागतो. पुलाच्या कठड्यावरून खाली पाहिलं की उतारावर एकावर एक रचलेली, रंगीत भिंतींची घरं दिसतात. तीस-चाळीस कुटुंबांची ही वस्ती. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना ती तिच्या बांबूच्या घरांमुळे माहीत असते. माझ्या मते तिने कमावलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिचा पत्ता.

१. शहराच्या पोटातलं गाव

इंडोनेशियातल्या शहरी वस्तीला कांपुंग म्हणतात. तिथली शहरं वाढत गेली तशी आसपासची गावं त्यांनी पोटात घेतली, पण मोडली नाहीत. डचांच्या काळात मोठे रस्ते झाले, रस्त्यांच्या कडेने दुकानं, कचेऱ्या आणि गोऱ्यांचे बंगले उभे राहिले. या दर्शनी रांगेच्या मागे कांपुंग तसेच राहिले. म्हणून आजही मोठ्या रस्त्यावरून एखाद्या बोळात वळलं की दहा पावलांत वातावरण बदलतं. बोळ इतका अरुंद की मोटारसायकलवाल्यांसाठी पाटी असते : खाली उतरा, गाडी ढकलत न्या. दारात पिंजऱ्यातले पक्षी टांगलेले, कुंड्या, वाळत घातलेले कपडे. संध्याकाळी फेरीवाले येतात आणि प्रत्येकाचा आवाज ठरलेला असतो. मांसाच्या गोळ्यांचं सूप विकणारा वाडग्यावर चमचा वाजवतो. तांदळाच्या पिठाचे पुतू नावाचे वाफवलेले गोड पदार्थ विकणाऱ्याच्या गाडीवर वाफेचीच शिट्टी सतत वाजत असते. घरातल्या बाईला बाहेर न बघताही कोण आलंय ते कळतं.

कांपुंग म्हणजे झोपडपट्टी असं मात्र समजू नये. योग्यकार्तातल्या कितीतरी कांपुंगांची नावं सुलतानाच्या जुन्या पलटणींवरून पडली आहेत : विरोब्राजान, पातांगपुलुहान, मांत्रीजेरोन. ज्या पलटणीचे सैनिक जिथे राहत, तो त्यांचा कांपुंग. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणारी प्रतिष्ठित घराणी आहेत. नदीकाठचे कांपुंग मात्र वेगळे. नदीच्या कडेला गाळाची जी पट्टी तयार होते तिला जावानीज भाषेत ‘वेदी केंगसेर’ म्हणतात, आणि ती कोणाच्या खासगी मालकीची नसते. जिला मालक नाही, त्या जमिनीवर ज्यांच्याकडे काहीच नाही ते येऊन राहतात. गोंडोलायू पुलाखाली तर कचरा टाकत असत. त्या कचऱ्याच्या ढिगावरच ही वस्ती उभी राहिली. सायकल रिक्षा ओढणारे, गवंडी, घरकाम करणाऱ्या बाया, रस्त्यावर विक्री करणारे असे लोक तिथे होते.

आणि उतार चढून वर गेलं की कोटाबारू लागतो. डचांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आखलेली रुंद रस्त्यांची, झाडांची, बंगल्यांची वसाहत. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचा अर्धा भाग इथेच आहे. काम वर, राहणं खाली. खालच्या माणसाला वर कामाला जायला बसचं भाडं लागत नाही. शहराबाहेर फुकट घर दिलं, तरी रोजच्या जाण्यायेण्यात मजुरीचा लचका तुटतो. नदीचं भय वर्षातून काही दिवसांचं असतं, पोटाचं रोजचं.

२. ही नदी येते कुठून?

योग्यकार्ताच्या उत्तरेला साधारण तीस किलोमीटरवर मेरापी हा जगातल्या अतिशय जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे. चोडेचं उगमाकडचं नाव बोयोंग, आणि बोयोंग मेरापीच्या दक्षिण उतारावरून निघते. म्हणजे शहराच्या मध्यातून जाणाऱ्या या नदीचं दुसरं टोक थेट ज्वालामुखीला टेकलेलं आहे.

लाव्हा शहरापर्यंत येत नाही. येतो तो लाहार. ज्वालामुखी राख आणि दगडगोटे ओकतो, ते उतारांवर साठून राहतात. पुढे जोराचा पाऊस पडला की पाणी ते सगळं घेऊन नदीच्या पात्रातून खाली धावतं. उद्रेक थांबून महिने लोटले तरी हे होऊ शकतं, कारण वर माल साठलेला असतो आणि पाऊस दर वर्षी येतोच.

साध्या पुरापेक्षा लाहार इतका घातक का, हे एका हिशोबाने समजतं. एक घनमीटर आकाराचा दगड घ्या. त्याचं वजन धरू २,६०० किलो. पाण्यात बुडालेल्या वस्तूचं वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं कमी भासतं. एक घनमीटर पाणी १,००० किलोचं, म्हणून साध्या पाण्यात तो दगड १,६०० किलोचा भासेल. आता पाण्यात राख आणि वाळू इतकी मिसळली आहे की एक घनमीटर मिश्रण १,८०० किलो भरतं. त्यात तोच दगड ८०० किलोचा भासतो, म्हणजे साध्या पाण्यातल्याच्या निम्मा. जो धोंडा नेहमीच्या पुराला हलत नाही, तो लाहार उचलून नेतो. पुलाचे खांब आणि काठाच्या भिंती फोडतात ते हे धोंडे.

लाहारचा दुसरा उपद्रव सावकाश कळतो. लोंढा ओसरला की गाळ पात्रातच बसतो आणि नदीचा तळ वर येतो. समजा, काठाची भिंत तळापासून तीन मीटर उंच आहे. दोन मीटर गाळ बसला, तर भिंत तेवढीच असूनही आता तिची उंची एकच मीटर उरते. मग पुढचा मामुली पाऊसही घरात शिरतो.

३. पाडायचं की सुधारायचं?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंडोनेशियाच्या शहरांपुढे दोन रस्ते होते. एक, वस्ती पाडून माणसं हलवायची. दुसरा, वस्ती आहे तिथे ठेवून पायवाटा, गटारं, पाण्याचे नळ, सामायिक न्हाणीघरं-संडास द्यायचे. दुसरा रस्ता जकार्ताने गव्हर्नर अली सादिकिन यांच्या काळात १९६९ पासून मोठ्या प्रमाणावर धरला. पुढे जागतिक बँकेने त्याला कर्ज दिलं आणि सुराबायासारख्या शहरांतही ते काम झालं. घरं सरकारने बांधली नाहीत. बोळ पक्का झाला, गटार वाहतं झालं, की लोक आपल्या पैशाने, आपल्या सोयीने घर सुधारतात, हा त्यामागचा विचार होता. मला तो अतिशय शहाणपणाचा वाटतो. पाडापाडीचा भीतीदायक शिक्का पुसला गेला, की माणूस विटेवर पैसा घालायला धजावतो.

पण सुधारणा मिळायची ती मान्यता असलेल्या कांपुंगाला. चोडेकाठच्या कचऱ्यावरच्या वस्तीला सरकारदप्तरी अस्तित्वच नव्हतं. १९८३ मध्ये ती पाडायचं ठरलं.

इथे एक विलक्षण माणूस येतो. युसुफ बिल्यार्ता मांगुनविजाया, जन्म १९२९, मध्य जावातल्या अंबारावाचा. कॅथलिक पाद्री, जर्मनीतल्या आखेनमध्ये वास्तुकला शिकलेला अभियंता आणि इंडोनेशियातल्या मोठ्या कादंबरीकारांपैकी एक. ‘बुरुंग-बुरुंग मान्यार’ ही त्यांची कादंबरी १९८१ ची. लोक त्यांना रोमो मांगुन म्हणत. रोमो म्हणजे फादर. हा माणूस चोडेकाठी येऊन लोकांबरोबर राहू लागला. नकाशे काढून द्यायचे आणि घरी जायचं, असं त्यांनी केलं नाही.

त्यांच्यासोबत त्या भागातले एक स्थानिक प्रमुख विली प्रसेत्य होते. एकाने बांधकाम पाहिलं, दुसऱ्याने माणसं बांधली. उताराला दगडी बांध घालून पायऱ्या केल्या. त्यांवर बांबू आणि लाकडाची घरं उभारली. बऱ्याच घरांना छप्पर उताराने थेट खालपर्यंत उतरतं, बाजूने पाहिलं तर त्रिकोण दिसतो. बांबू जवळपास मिळतो, स्वस्त असतो, आणि मुख्य म्हणजे हलका असतो. कचऱ्याच्या भुसभुशीत भरावावर विटांच्या जड भिंती खचल्या असत्या. कलेच्या विद्यार्थ्यांनी श्रमदानाने भिंती रंगवल्या. पक्षी, प्राणी, वेलबुट्टी. लोकांना जमायला एक सामायिक घर बांधलं. १९८५ पर्यंत मुख्य काम झालं.

तरीही धोका टळला नव्हता. १९८६ मध्ये हटवण्याची भाषा पुन्हा सुरू झाली, तेव्हा रोमो मांगुन यांनी उपोषणाचा इशारा दिला. वस्ती राहिली. १९९२ मध्ये तिला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. मुस्लिम समाजांच्या गरजा भागवणाऱ्या वास्तुकलेसाठी हा जगातला मोठा सन्मान, आणि तो मिळाला एका कॅथलिक पाद्र्याने गरिबांसोबत उभ्या केलेल्या बांबूच्या घरांना. रोमो मांगुन १९९९ मध्ये गेले.

४. शेजाराचं सरकार

पुरस्काराची गोष्ट इथे संपते. वस्तीची गोष्ट इथून पुढची आहे आणि तिच्याबद्दल कमी लिहिलं जातं.

इंडोनेशियात सरकारची सर्वांत खालची पायरी घराच्या दाराशी येते. साधारण तीस-पन्नास घरांची मिळून एक रुकुन तेतांगा, म्हणजे शेजाऱ्यांचा संघ. बोलण्यात सगळे आरटी म्हणतात. काही आरटी मिळून एक आरडब्ल्यू. त्यावर केलुराहान, म्हणजे आपल्या वॉर्डसारखं सरकारी कार्यालय. या रचनेचं मूळ दुसऱ्या महायुद्धात सापडतं. जावा जपान्यांच्या ताब्यात होतं, आणि १९४४ मध्ये त्यांनी रेशन, पहारा आणि श्रमदान यांसाठी घरांचे गट पाडले. जपानी गेले, देश स्वतंत्र झाला, गट मात्र नव्या नावाने टिकले.

आरटीचा प्रमुख शेजारीच असतो. लोकांनी निवडलेला, सकाळी आपल्या कामावर जाणारा. त्याच्याकडे रबरी शिक्का असतो, आणि त्या शिक्क्यात फार मोठी ताकद असते. नवं ओळखपत्र काढायचं, लग्न नोंदवायचं, गरिबीचा दाखला हवा, तर पहिलं शिफारसपत्र आरटीचं. ते घेऊन आरडब्ल्यूकडे, मग केलुराहानकडे. अलीकडे बरीच कामं ऑनलाइन झाली असली तरी ओळखपत्रावर पत्त्याच्या खाली आरटी आणि आरडब्ल्यूचे क्रमांक आजही छापलेले असतात. ज्याला हा क्रमांक नाही, त्याचं कुटुंबपत्र अडतं, आणि कुटुंबपत्र अडलं की मुलाची शाळा, सरकारी दवाखाना, मदतीचा तांदूळ सगळंच अडतं.

आता पुलाखालच्या वस्तीला काय मिळालं ते ध्यानात येईल. आज ती कोटाबारू केलुराहानमध्ये मोडते, तिला तिचा आरटी आहे. कालपर्यंत जी माणसं बंगल्यांच्या खाली बेनाम राहत होती, त्यांचा पत्ता बंगल्यांच्याच केलुराहानचा झाला. रंगवलेली घरं कालांतराने बदलली. बऱ्याच ठिकाणी बांबूच्या जागी विटा-सिमेंट आलं. पत्ता बदलला नाही.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगायला हवी. पाहुणा रात्री मुक्कामाला राहिला तर चोवीस तासांच्या आत आरटीला कळवा, अशा पाट्या अनेक कांपुंगांत असतात. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या राजवटीत सरकारची नजर याच वाटेने घराघरांत पोचली. शेजाऱ्यांना जो खटकतो, त्याला शिक्का मिळायला उशीर होऊ शकतो. एकट्या राहणाऱ्या बाईला, परप्रांतातून आलेल्या विद्यार्थ्याला हे विशेष जाणवतं. ज्या दोरीने वस्ती बांधली जाते, तीच काहींना काचते.

५. भिशी आणि चिमूटभर तांदूळ

वस्तीचा पैसा कुठून येतो? याचं उत्तर मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरजच नाही. तिथल्या ‘आरिसान’ची रीत आपल्या भिशीचीच आहे. वीस बायका, प्रत्येकीचे महिन्याला पन्नास हजार रुपिया, म्हणजे दर महिन्याला दहा लाख रुपिया जमतात. चिठ्ठी निघेल तिला ती रक्कम. वीस महिन्यांत सगळ्यांची पाळी होते. एक गोष्ट मात्र तिथे अधिक ठळक आहे : आरिसानची बैठक हीच बऱ्याचदा आरटीच्या बायकांची अधिकृत बैठकही असते. चिठ्ठी निघण्याआधी लहान मुलांच्या वजनाच्या महिनेवारी शिबिराची तारीख, डासांच्या अळ्या शोधायची मोहीम, कोणाच्या घरी मयत झालं तर वर्गणी, असं सगळं बोलून होतं. पैशासाठी सगळ्या येतातच, म्हणून निरोप सगळ्यांपर्यंत पोचतो.

दुसरी रीत मला फार आवडते. तिला जिंपितान म्हणतात, म्हणजे चिमूट. दाराशेजारी भिंतीवर एक छोटा डबा किंवा प्लास्टिकची वाटी अडकवलेली असते. झोपण्यापूर्वी घरची बाई त्यात चिमूटभर तांदूळ टाकते. हल्ली बहुतेक ठिकाणी नाणं टाकतात. रात्री गस्तीची पाळी असलेले पुरुष टॉर्च घेऊन बोळांतून फिरतात, एकेक डबा रिकामा करतात आणि वहीत खूण करतात. समजा, चाळीस घरं आहेत आणि प्रत्येक डब्यात ५०० रुपियाचं नाणं आहे. एका रात्री २०,००० रुपिया, महिन्याला सहा लाख. आपल्या पैशात तीन हजार रुपयांच्या आसपास. त्यातून बोळातला दिवा बदलता येतो, आजाऱ्याला मदत होते.

पण पैशापेक्षा महत्त्वाचं काम दुसरंच होतं. रोज रात्री कोणीतरी प्रत्येक दारापर्यंत जातं. एखादा डबा सलग दोन-तीन रात्री रिकामा राहिला, तर सकाळी चौकशी होते : आजी बऱ्या आहेत ना? गस्तीच्या चौकीत केंतोंगान टांगलेला असतो. पोकळ लाकडाचा किंवा बांबूचा, वर फट असलेला. काठीने तो सलग, वेगाने बडवला, की त्या ठोक्याला तितीर म्हणतात. तितीर ऐकला की काय झालंय ते विचारायला कोणी थांबत नाही, सगळे उठतात.

६. २०१० चा पावसाळा

२६ ऑक्टोबर २०१० रोजी मेरापी जागा झाला, आणि ५ नोव्हेंबरला त्याने सर्वांत मोठा तडाखा दिला. १८७२ नंतरचा हा त्याचा सर्वांत मोठा उद्रेक मानतात. साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली, बहुतेक वरच्या उतारांवरची. शहरावर राख पडली, पण शहर वाचलं. नंतर पाऊस लागला. बोयोंगमधून लाहार उतरला, चोडेचं पात्र गाळाने भरलं आणि काठच्या कांपुंगांत पाणी आणि चिखल शिरला.

त्या दिवसांत उगमाकडच्या गावांतले स्वयंसेवक हातातल्या वायरलेसवरून सांगत राहिले : वर पाऊस सुरू झाला, पाणी इतकं चढलं, लोंढा निघाला. शहरातले आरटी ते ऐकत होते. लोंढ्याला खाली यायला जो वेळ लागतो, तेवढ्यात म्हाताऱ्यांना, मुलांना वर नेता येतं. कोण चालू शकत नाही, कोणाकडे तान्हं मूल आहे, हे कोणत्याही सरकारी यादीआधी शेजाऱ्याला ठाऊक असतं. पाणी ओसरल्यावर गाळ उपसण्याचं सामुदायिक श्रमदानही आरटीच्याच पाळ्यांनी होतं. रोजच्या चिमटीची सवय असलेल्या वस्तीला आपत्तीत नव्याने संघटित व्हावं लागत नाही.

७. मागे, वर, नदीकडे तोंड

पुढे योग्यकार्ताच्या नदीकाठी एक सूत्र रुजलं : मुंडुर, मुंगाह, माधेप काली. मागे सरा, वर चढा, नदीकडे तोंड करा. पाण्याच्या कडेपासून घर तीन मीटर मागे घ्यायचं आणि त्या पट्टीत वाट काढायची. जागा गेली तेवढी मजला वर चढवून भरून काढायची. आणि आजवर नदीकडे घराची पाठ होती, मागच्या दाराने कचरा सरळ पाण्यात जात होता, ते बंद करून पुढचं दार नदीकडे काढायचं. दारासमोर कचरा कोणी टाकत नाही. काठाने वाट झाली की आजाऱ्याला नेणारी हातगाडी जाते, आगीचा पाइप नेता येतो, पूर आला तर पळायला रस्ता असतो.

हे सगळ्या नदीभर झालेलं नाही. काही कांपुंगांत वाट मधेच तुटते, कारण एखादं कुटुंब तीन मीटर सोडायला तयार नसतं. ज्याचं घरच चार मीटरचं, त्याला तीन मीटर मागे सरायला सांगणं सोपं नाही. अशा वेळी हुकूम काढून काम होत नाही. बैठका घ्याव्या लागतात, शेजाऱ्याने शेजाऱ्याला पटवावं लागतं, आणि वेळ लागतो. जिथे आरटी धडपडा आहे तिथे वाट पुरी झाली.

तर सुरुवातीच्या दोन प्रश्नांचं माझं उत्तर असं आहे. माणसं नदीकाठी राहतात, कारण काम तिथे आहे आणि परवडणारी जागाही तिथेच आहे. सरकारने त्यांना हलवायचं ठरवलं तर घर कदाचित देता येईल, पण रात्री डबा रिकामा दिसला म्हणून दार ठोठावणारा शेजारी देता येणार नाही. तो जमायला वर्षं लागतात, आणि पुराच्या रात्री आधी तोच येतो. म्हणून जिथे धोका खरोखर जिवावरचा नाही, तिथे वस्ती उठवण्याआधी तिला तीन मीटर मागे सरायला आणि पक्का पत्ता द्यायला पैसा खर्च करावा. चोडेकाठी तो खर्च वाया गेलेला नाही.